कुंपणापलीकडचा जॅझ

धोबी तलावला सेंट झेवियर्स कॉलेजच्या भिंतीला लागूनच रंगभवन आहे. वर छप्पर नसलेलं खुलं नाट्यगृह. चार पावलांवर कामा आणि जीटी ही इस्पितळं. मुंबईतल्या जॅझच्या पाव शतकाची गोष्ट या एवढ्याशा जागेत घडली. तिच्यात मुंबई विद्यापीठाचा वाटा किती, हे बघायचं तरी याच परिसरात फिरावं लागतं.

जॅझ मुंबईत आला तो हॉटेलांच्या दारातून. 1935 साली अमेरिकन वादक लिऑन ॲबी आपला वाद्यवृंद घेऊन ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. त्याच्यामागून टेडी वेदरफोर्ड आला. त्यांच्याकडून ही कला उचलली ती गोव्याच्या वादकांनी. चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड ही माणसं रात्री हॉटेलात ट्रम्पेट वाजवत आणि दिवसा हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जात. आपण ज्यांना निव्वळ ‘सिनेमाची गाणी’ म्हणतो, त्यातले कितीतरी तुकडे या हातांचे आहेत. विद्यापीठ तेव्हा या सगळ्यापासून पुष्कळ लांब होतं, आणि ते साहजिकही होतं. दारू आणि नाच यांच्या शेजारी वाढणारं संगीत अभ्यासाला घ्यावं, असं तेव्हा इथे कोणाच्या मनात येणार?

कॉलेजचा चौक मात्र उघडा होता. 1958 साली गोव्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांनी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि झेवियर्सच्या चौकात कार्यक्रम केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. तो जॅझ नव्हता. रागांवर रचलेलं, पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी लिहिलेलं ते संगीत होतं. पण समोर बसलेले बरेचसे वादक तेच, हॉटेलातले आणि स्टुडिओतले. त्याच वर्षी अमेरिकन जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रुबेक मुंबईत आला आणि सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर वाजवून गेला. पुढे 1963 मध्ये ड्यूक एलिंग्टन, 1964 मध्ये लुई आर्मस्ट्राँग. गोन्साल्विस 1965 साली अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. संगीतकार प्यारेलालना व्हायोलिन शिकवणाऱ्या या गुरूला विद्यापीठ मिळालं ते तिकडे. आपल्या घरी त्यांचं नाव पोहोचलं ते ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यामुळे, 1977 मध्ये!

पुढच्याच वर्षी जॅझ यात्रा सुरू झाली. निरंजन झवेरी आणि त्यांची जॅझ इंडिया ही संस्था यांनी 1978 मध्ये रंगभवनात पहिली यात्रा भरवली. सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स तिला आला होता. हा हौशी माणसांनी उभा केलेला उत्सव होता. जॅझवादक लुई बँक्स, ब्राझ गोन्साल्विस आणि कर्नाटक संगीत गाणाऱ्या रामामणी यांना एकत्र आणून भारतीय जॅझचा एक चेहरा घडला तो याच यात्रेच्या आसपास.

नेमक्या याच काळात मुंबई विद्यापीठाचं संगीत केंद्र चर्चगेटजवळ, रंगभवनापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर, जोमात होतं. डॉ. अशोक दा. रानडे त्याचे संचालक. संगीताकडे निव्वळ रागदारीपुरतं न बघता लोकसंगीत, जनसंगीत, संगम संगीत अशा कोटी पाडून बघायला त्यांनी मराठी वाचकाला शिकवलं. जॅझ यात्रेत जे चाललं होतं ते या संगमाचं ठसठशीत उदाहरण होतं. ऐकण्याची शिस्त लावणारा विभाग इथे, ऐकण्याजोगा उत्सव पलीकडच्या रस्त्यावर, आणि दोघांत कायमचा पूल बांधला गेला नाही. दोष रानड्यांना देणं अन्यायाचं होईल. त्यांच्या वाट्याला आधी आपल्याच संगीताला विद्यापीठात मान मिळवून देण्याचं काम आलं होतं. झेवियर्सच्या विद्यार्थ्यांनी 1973 मध्ये इंडियन म्युझिक ग्रुप काढून मैफली भरवल्या, त्याही हिंदुस्थानी संगीताच्या.

असा पूल दुसरीकडे बांधला गेला. अमेरिकेत आयडाहो विद्यापीठाने 1967 मध्ये जॅझचा एक छोटा उत्सव सुरू केला. 1985 मध्ये त्याला जॅझवादक लायोनेल हॅम्प्टनचं नाव मिळालं आणि 1987 मध्ये संगीत विद्यालयालाही. तिथे शाळकरी मुलांना नावाजलेले वादक शिकवतात आणि मग तीच मुलं मंचावर चढतात. उत्सव टिकतो तो अशाने.

आपल्याकडे उलट घडलं. 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. इस्पितळं, न्यायालयं आणि शिक्षणसंस्था यांच्याभोवतीचा किमान शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरला. रंगभवनाच्या एका अंगाला कॉलेज आणि जवळच इस्पितळं! काही वर्षांतच तिथले कार्यक्रम थांबले. ज्या कॉलेजच्या पोरांनी रंगभवन भरायचं, त्याच कॉलेजचं शेजारपण अडचणीचं ठरलं. इस्पितळातल्या रुग्णाला रात्री झोप मिळाली पाहिजे, याबद्दल माझं दुमत नाही. पण पर्यायी जागा शोधण्याची निकड कोणालाच वाटू नये, हे मात्र खटकतं. यात्रा पुढे जॅझ उत्सव या नावाने इतरत्र भरत राहिली.

रायगड जिल्ह्यातल्या कोलाडला बसून हे लिहिण्याचं कारण एवढंच, की आमच्या रोहा-कोलाडच्या महाविद्यालयांचं विद्यापीठही तेच. त्याच्या युवा महोत्सवात पाश्चात्त्य गायनाचा प्रकार असतो. रायगडच्या प्राथमिक फेरीत पोरं मोजक्या मिनिटांत गाऊन उतरतात आणि निकालाकडे डोळे लावून बसतात. दुसरीकडे हीच पोरं बॅन्जो पार्टीत कीबोर्ड आणि पॅड वाजवतात. विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोलवाल्याने अचानक लय बदलली, तर क्षणात त्याला उत्तर देतात. लिहिलेलं काही समोर नसतं. जॅझच्या शिक्षकाला याहून चांगला कच्चा माल कुठे मिळणार?

विद्यापीठाने त्यासाठी रंगभवन पुन्हा उघडायची वाट बघायला नको. पावसाळा सरल्यावर रायगडातल्या एखाद्या महाविद्यालयात चार दिवस मुंबईचे एक-दोन वादक बसवावेत, बॅन्जोवाल्या पोरांना बोलवावं, आणि शेवटच्या दिवशी भर दुपारी बंद सभागृहात सगळ्यांनी मिळून वाजवावं. आवाज बाहेर जाणार नसेल, तर शंभर मीटरच्या नियमाची धास्ती बाळगायचं कारणच नाही.