कलाभवनाच्या गावात टर्मिनल

सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन उघडलं, तेव्हा तंत्रशिक्षण मातृभाषेतून देण्यावर भर होता. आज तिथे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान विद्याशाखा आहे. लिनक्सची कमांड लाइन शिकू पाहणाऱ्याला तशीच आपल्या भाषेची सोय आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात मिळते: छोटे व्हिडिओ, मराठीत आणि गुजरातीतही, तेही मोफत.

पीडब्ल्यूडी (आपण कुठे आहोत), एलएस (इथे काय आहे) आणि सीडी (दुसरीकडे जा) या कमांड लगेच जमतात. खरी कसोटी फाइलच्या परवानग्यांची. वाचण्याला ४, लिहिण्याला २, चालवण्याला १. बेरीज करून मालक, गट आणि इतर यांचे तीन आकडे लिहायचे. ६४० म्हणजे मालकाने वाचावं-लिहावं, गटाने नुसतं वाचावं, इतरांना दार बंद. अडलं की ७७७ (सगळ्यांना सगळं) देऊन मोकळे होणारे पुष्कळ; सर्व्हरवर हा आळस महागात पडतो.

आरएम कमांडने पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही, आणि सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने चालवणं) लावल्यावर ‘नक्की का?’ असं सहसा कुणी विचारत नाही. म्हणून सराव व्हर्च्युअल मशीनवरच करा.