मुंबईत राहण्याचा हिशेब: ऐकीव किती, खरं किती

बारावीचा निकाल लागला किंवा ओळखीतून नोकरीचा निरोप आला, की ‘मुंबईला जावं का?’ हा प्रश्न महाराष्ट्रातल्या घराघरांत पडतो. उत्तरं बहुतेक ठरलेली असतात. एक काका सांगतात, तिथे कुणी उपाशी झोपत नाही. दुसरे म्हणतात, तिथे शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही. दोघंही अख्ख्या शहराबद्दल एका वाक्यात बोलतात आणि हिशेब तिथेच चुकतो. १ मे १९६० पासून राज्याची राजधानी असलेल्या या शहराचे फायदे-तोटे एकाच माणसाच्या पदरात क्वचितच पडतात. फायदा एका घरात जातो आणि त्याची किंमत दुसऱ्याच घरातून वसूल होते. कधी कधी ते दुसरं घर मुंबईपासून शंभर किलोमीटरवर असतं. तेव्हा नेहमी कानावर पडणारी विधानं एकेक करून तपासून पाहू.

‘मुंबईत सगळंच महाग’

सगळं नाही. लोकलचं सेकंड क्लासचं किमान तिकीट ५ रुपये आहे. बेस्टच्या साध्या बसचं किमान भाडं मे २०२५ मध्ये ५ वरून १० रुपये झालं, तरी रिक्षाच्या मानाने ते कमीच. पोटाची सोयही स्वस्तात होते, आणि त्यामागे बायकांचे कष्ट आहेत. गिरणी कामगारांना दोन वेळचं जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेची कर्जं मिळवून दिली. एकट्या आलेल्या कामगाराला हे शहर परवडलं ते अशा बायकांमुळे.

महाग आहे ते घर. बाकीची सगळी महागाई त्यातूनच येते. डिपॉझिट, अकरा महिन्यांचा करार, दलाली आणि करार संपला की पुन्हा बिऱ्हाड हलवणं यात नव्याने आलेल्या माणसाची सगळी शिल्लक जाते. यावर लोक लगेच म्हणतात, ‘जागाच उरली नाही, घरं आणायची कुठून?’ हाही गैरसमजच. केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत २०११ च्या जनगणनेचा आधार घेऊन नोंदवलं आहे की मुंबईत सुमारे ४.८ लाख घरं रिकामी होती. देशातल्या कुठल्याही शहरातला हा सर्वांत मोठा आकडा. त्याच जनगणनेत मुंबईची ४० टक्क्यांहून अधिक लोकसंख्या झोपडपट्टीत राहत होती. कुलूपबंद फ्लॅट आणि दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं, असं दोन्ही एकाच वॉर्डात सापडतं.

याची मुळं जुनी आहेत. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूंना त्याने आधार दिला, यात वाद नाही. पण पन्नास वर्षं भाडं जवळपास तेच राहिल्यावर मालकांनी दुरुस्तीतून अंग काढून घेतलं. भाड्याने देण्यासाठी चाळी बांधणं बंद पडलं आणि खोलीसाठी एकरकमी पैसे घेण्याचा पागडीचा व्यवहार मात्र फोफावला. पुढे घर हा पैसा गुंतवण्याचा मार्ग झाला. एकदा भाडेकरू घुसला की निघत नाही, या भीतीने फ्लॅट रिकामा ठेवणंच मालकाला सोयीचं वाटू लागलं. १९९९ च्या नव्या भाडे नियंत्रण कायद्यानेही ही भीती पुरती गेलेली नाही. दर पावसाळ्यात दक्षिण मुंबईत जुन्या इमारती कोसळतात तेव्हा दोष पावसाला दिला जातो, पण त्या पडण्याची सुरुवात कित्येक दशकं आधी झालेली असते.

‘मुंबई दिवसेंदिवस फुगतेय’

कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचं जे मूळ बेट शहर, म्हणजे मुंबई शहर जिल्हा, त्याची लोकसंख्या २००१ मध्ये ३३.३८ लाख होती. २०११ मध्ये ती ३०.८५ लाखांवर आली. शहराचा गाभा रिकामा होत होता. त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा, तेव्हा पालघर त्यातच होतं, ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. माणसं राजधानीत शिरत होती त्याहून मोठ्या संख्येने तिच्या काठावर फेकली जात होती.

काठावर जाण्याचा हा प्रवास समजायला गिरण्यांकडे बघावं लागतं. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. बऱ्याच गिरण्यांचे भोंगे त्यानंतर पुन्हा नीट वाजलेच नाहीत. देणी थकली, चाळीतल्या खोल्या विकल्या गेल्या आणि परळ-लालबागची कुटुंबं डोंबिवली, बदलापूर, विरारला गेली. गिरण्यांच्या जमिनीवर पुढे ऑफिसं आणि मॉल उभे राहिले. आज लोअर परळच्या काचेच्या इमारतीत नोकरी करणारा मुलगा बदलापूरहून दीड तास उभ्याने येतो. अशा कितीतरी मुलांचे आजोबा त्याच आवारात साच्यावर काम करत आणि जेवायला पायी घरी जात. राजधानीने या कुटुंबाला नोकरी दिली की घर घेतलं, याचं एका शब्दात उत्तर देता येत नाही.

‘मुंबईत मराठी माणूस उरलाच नाही’ हे विधानही इथेच तपासायला हवं. २०११ मध्ये बृहन्मुंबईत मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ४४ लाख होते आणि हिंदी सांगणारे सुमारे ३६ लाख. मराठी तेव्हाही पहिल्या क्रमांकावर होती. मात्र दहा वर्षांत मराठीचा आकडा थोडा घटला आणि हिंदीचा सुमारे दहा लाखांनी वाढला, हेही खरं. त्यामागे घरांच्या किमतींचा वाटा किती मोठा आहे, हे भाषेच्या भांडणात बाजूला पडतं. त्याची मला मनापासून चीड येते.

‘लोकल आहे, मग अंतराचं काय एवढं?’

१८५३ च्या एप्रिलमध्ये बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली तेव्हापासून हे शहर रुळांच्या कडेने वाढलं. करोनाच्या आधी उपनगरी गाड्यांतून रोज ७५ लाखांच्या आसपास प्रवास होत. एवढ्या स्वस्तात एवढ्या माणसांना वेळेवर कामावर पोचवणारी दुसरी सोय देशात नाही, हे मोकळेपणाने मान्य केलं पाहिजे.

पण घर शोधताना बहुतेक जण भाडं बघतात आणि वाटेत काय सोसावं लागेल ते बघत नाहीत. २०२३ या एका वर्षात उपनगरी रेल्वेमार्गावर अडीच हजारांहून अधिक माणसं मेली, म्हणजे रोज सरासरी सात. रूळ ओलांडताना, गर्दीच्या डब्यातून पडून, खांबाचा फटका बसून. मुंबई उच्च न्यायालयानेही यावरून रेल्वेला खडे बोल सुनावले. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांत लटकलेले प्रवासी एकमेकांना घासून खाली पडले आणि त्यांतल्या काहींचा जीव गेला. तेव्हा कुठे सगळ्या नव्या गाड्यांना आपोआप बंद होणारी दारं बसवण्याचा निर्णय जाहीर झाला.

म्हणून नवख्याने घर आणि काम एकाच लाइनवर असेल असं बघावं. सेंट्रलवर घर आणि वेस्टर्नवर काम म्हणजे गाडी बदलायला दादरचा पूल दिवसातून दोनदा चढणं आलं. ज्या स्टेशनातून गाडी सुटते त्याच्या जवळ चारशे-पाचशे रुपये जास्त भाडं पडलं तरी ते सोसावं, कारण बसायला मिळतं. हातात चार पैसे कमी राहतील, पण संध्याकाळी अंगात थोडा जीव राहील.

‘पावसात अख्खी मुंबई बुडते’

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी कुलाब्याला पडला ७३ मिलिमीटर. एकाच शहरात! जीव गेले ते बहुतेक मिठी नदीच्या काठी, सखल वस्त्यांत आणि दरडींखाली. दुसऱ्या दिवशी लोक कामावर गेले, त्याचं ‘मुंबई स्पिरिट’ म्हणून कौतुक झालं. रोजंदारीवरचा माणूस कामावर जातो, कारण खाडा झाला तर संध्याकाळी चूल पेटत नाही. त्याच्या गरजेला शहराचा बाणा म्हणणं अन्यायाचं आहे.

समुद्र आहे म्हणजे हवा स्वच्छ, हा समजही सोडून द्यावा. हिवाळ्यात वारे मंदावतात, बांधकामांची धूळ आणि वाहनांचा धूर खालीच साचतो. २०२३ मध्ये यावर उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली.

‘आजारपणात राजधानीच बरी’

जे. जे. १८४५ चं, केईएम १९२६ चं, टाटा मेमोरियल १९४१ चं. सरकारी आणि महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत नाममात्र खर्चात जे उपचार होतात ते पाहिले की मुंबईचा अभिमान वाटतो. मुंबईकराला ते खरोखर मिळतात. नांदेडहून किंवा धुळ्याहून आलेल्या पेशंटचं गणित मात्र निराळं असतं. कर्करोगाचा उपचार महिनोन्महिने चालतो आणि औषधाइतकाच खर्च राहण्या-जेवणाचा होतो. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागांमुळे कित्येक कुटुंबं तग धरतात. जागा न मिळालेली टाटाजवळ परळच्या फुटपाथवर राहतात. सोबत आलेल्या माणसाची मजुरी बुडते ती वेगळीच.

निदान मोठ्या ठिकाणी करून पुढचे उपचार गावाजवळ घेता येतील का, हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारावं. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल टाटाशी जोडलेलं आहे. प्रत्येक वेळी परळच गाठावं लागतं असं नाही.

‘तिथे सरकार दाराशी असतं’

मंत्रालय चर्चगेटपासून चालण्याच्या अंतरावर आहे, पण सामान्य माणसाचं काम तिथे क्वचितच असतं. जन्म-मृत्यूचे दाखले, पाणी, कचरा, रस्ता या साऱ्याचा संबंध महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसशी. आणि तिथे मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर जवळपास चार वर्षं एकही नगरसेवक नव्हता. ७४ हजार कोटींचं अंदाजपत्रक असलेली महापालिका प्रशासकाच्या हाती होती. त्या काळात गावच्या सरपंचाला रस्त्यात गाठून जाब विचारणाऱ्या माणसाचा हक्क भांडुपच्या रहिवाशापेक्षा मोठा होता.

‘मुंबईला पाण्याची ददात नाही’

शहराला रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी मिळतं. ते सात तलावांतून येतं आणि त्यांतले विहार आणि तुळशी एवढे दोनच शहराच्या हद्दीत आहेत, तेही लहान. निम्म्याच्या आसपास पाणी एकट्या भातसाचं. भातसा, तानसा आणि मोडकसागर ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरच्या परिसरात आहेत. त्याच शहापूर तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतो आणि बायका डोक्यावर हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी उतरतात. आपल्या नळाची खरी किंमत तिथे मोजली जाते. ती मुंबईच्या पाणीपट्टीत कुठेही दिसत नाही.

‘पोरगा मुंबईला लागला, घर सुधारलं’

कोकणाने हे दीडशे वर्षं अनुभवलं आहे. चाकरमान्याच्या मनीऑर्डरीने घरं शाकारली, मुलं शिकली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यावर गणपतीला जाणं-येणंही सोपं झालं. पण २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटलेली दिसते. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, तर मुंबई शहर जिल्ह्यात ८३२. एकाच कुटुंबाचे हे दोन भाग आहेत. पुरुष खोलीवर राहिला. भातलावणी, गुरं, म्हाताऱ्यांचं दुखणंखुपणं आणि शाळेतल्या सह्या हे सगळं मागे राहिलेल्या बाईवर आलं.

तिला सगळं करावं लागतं, फक्त जमीन तिच्या नावावर नसते. कर्ज, नुकसानभरपाई, हिश्श्याची वाटणी, प्रत्येक कागदासाठी मुंबईहून सही यायची वाट पाहायची. यावर उपाय आहे. नवऱ्याने अर्ज केला तर सातबाऱ्यावर पत्नीचं नाव लावता येतं. त्यासाठीचं ‘लक्ष्मी मुक्ती’चं शासकीय परिपत्रक १९९२ चं आहे. मुंबईची गाडी पकडण्याआधी तलाठ्याकडे तो अर्ज द्यायला हवा.