पाऱ्याचा पृष्ठभाग

पुण्यांत ‘सिमला ऑफिस’ हें नांव सर्वांच्या परिचयाचें आहे. परंतु पाऱ्याशीं त्याचा निकटचा संबंध आहे, हें सहसा ध्यानांत येत नाहीं. हिंदुस्थानच्या हवामानखात्याचें मुख्य ठाणें १९२८ सालीं सिमल्याहून पुण्यास आलें, आणि शिवाजीनगरच्या इमारतीस हें नांव चिकटलें. हवामानाच्या अभ्यासास हवेचा दाब अचूक ठाऊक असावा लागतो, आणि तो अनेक पिढ्या पाऱ्याच्या स्तंभानेंच मोजला गेला. समुद्रकांठीं मुंबईस हा स्तंभ सुमारें ७६ सेंटिमीटर उंच राहतो. ५६० मीटर उंचीवरील पुण्यांत तो ७१ च्या आसपास भरतो.

हा स्तंभ वाचणें मात्र दिसतें तितकें सोपें नाहीं. कांचेच्या नळींत पाणी कडेनें वर चढतें. पारा उलट मध्यें घुमटासारखा फुगतो. निरीक्षकास त्या घुमटाचा माथा वाचावा लागतो. शिवाय नळी जितकी अरुंद, तितका पारा तिच्यांत खालीं दबतो. त्याचीहि दुरुस्ती करावी लागते.

याचें कारण काय? द्रवाच्या आंतील परमाणूस चोहोंकडून सारखी ओढ असते; पृष्ठावरील परमाणूस ती मुख्यतः आंतूनच असते. त्यामुळें पृष्ठभाग आकुंचन पावूं पाहतो. हा पृष्ठताण पाऱ्याच्या ठिकाणीं पाण्याच्या सुमारें साडेसहापट आहे. म्हणून पारा कांचेस न चिकटतां गोळी होऊन राहतो. सोन्याची गोष्ट निराळी. तेथें पारा पसरतो, आंत शिरतो आणि त्याचें मिश्रण होतें.

या पृष्ठभागानें रसायनशास्त्रास पुष्कळ शिकविलें. कलकत्त्यास प्रफुल्लचंद्र राय यांनीं १८९६ सालीं पाऱ्यावर थंड, सौम्य नत्राम्ल ओतलें, तों पिवळे स्फटिक जमले. तें पाऱ्याचें नवें नायट्राइट ठरलें. प्राग येथील हेरॉव्हस्की यांनीं १९२२ सालीं सूक्ष्म नळींतून ठिबकणारा पाराच विजेचें अग्र म्हणून योजला. प्रत्येक थेंब नवा, म्हणून पृष्ठभागहि नित्य नवा व स्वच्छ. द्रावणांत कोणता पदार्थ किती आहे, तें विजेच्या प्रवाहावरून कळूं लागलें. या पद्धतीबद्दल त्यांस १९५९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० च्या जानेवारींत उघडली, तेव्हां तिचे पहिले संचालक मॅकबेन हेहि पृष्ठभागांच्या रसायनाचेच अभ्यासक होते.

परंतु ज्या पृष्ठभागानें ज्ञान दिलें, त्यांतूनच धोकाहि निघतो. पारा साध्या उष्णतेंतहि वाफ सोडतो. ती दिसत नाहीं, तिला वास नाहीं. श्वासावाटे ती रक्तांत व पुढें मेंदूपर्यंत पोंचते. एक ग्रॅम पाऱ्याचा थेंब सुमारें पांच मिलिमीटर रुंद असतो. त्याचे सारखे हजार थेंब झाले, तर पारा तेवढाच राहतो, पण पृष्ठभाग दसपट होतो, आणि वाफहि त्या मानानें वेगानें सुटते.

म्हणून घरांतील जुना थर्मामीटर फुटल्यास केरसुणी मुळींच लावूं नये. तिनें थेंबांचे तुकडे मात्र होतात. मुलांस बाहेर न्यावें, खिडक्या उघडाव्या, हातांतील अंगठी व बांगड्या उतरून ठेवाव्या. मग जाड कागदाच्या कडेनें थेंब हलकेच एकत्र आणावे, म्हणजे ते आपोआप एकजीव होतात. ते झाकणाच्या बाटलींत भरावे. मोरींत टाकूं नयेत.

पाऱ्याचा वापर आवरण्यासाठीं २०१३ सालीं मिनामाता करार झाला. भारतानें त्यास २०१८ सालीं मान्यता दिली. तरीहि पुष्कळ घरांच्या कपाटांतून ती चकाकणारी नळी अद्याप आहे. ती सांभाळतांना एवढें स्मरणांत असावें, कीं पारा किती सांडला याइतकेंच तो किती विखुरला यालाहि महत्त्व आहे.