आकाशांतून मोजलेली उंची

घराला तडा गेला तर तो भिंतीवर दिसेपर्यंत आमच्या पिढीस कळत नसे. आतां शेंकडों किलोमीटर उंचीवरून घराचें खचणें मोजतां येतें. ही विद्या कशी साधली, तें वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

उपग्रहावरील रडार लहरी सोडतें आणि त्या परत येण्यास किती काळ लागला यावरून अंतर जाणतें. तें शहराकडे तिरकस पाहत असल्यामुळें उंच इमारतीचा माथा त्यास पायापेक्षां जवळ पडतो. परिणामीं चित्रांत इमारत उपग्रहाकडे कलंडलेली दिसते. आणि रस्ता, भिंत व गच्ची यांवरून परतलेल्या लहरी पुष्कळदां एकाच ठिपक्यांत मिसळतात. एका चित्रावरून त्या वेगळ्या करणें अशक्य.

येथें लीलावतींतील छायाव्यवहाराची आठवण होते. उंचावरील दिव्याची उंची ठाऊक नसतां भास्कराचार्य शंकु दोन ठिकाणीं ठेवून, दोन्ही छायांवरून ती काढण्याची रीति सांगतात. एका स्थानावरून जें कळत नाहीं, तें स्थान बदलल्यानें कळतें. रडारचें गणित पुष्कळ निराळें, परंतु मर्म हेंच.

जर्मनीचा टेरासार-एक्स उपग्रह १५ जून २००७ रोजीं सुटला. त्याची उंची सुमारें ५१४ किलोमीटर असून दर ११ दिवसांनीं तो त्याच मार्गावर येतो. मात्र प्रत्येक खेपेस मार्ग किंचित् सरकतो. त्याच्या लहरीची लांबी सुमारें ३ सेंटिमीटरच असल्यामुळें, तेवढ्या सरकण्यानेंही उंच व सखल बिंदूंवरून आलेल्या लहरींच्या चढउतारांत निरनिराळा फरक पडतो. अशा अनेक खेपांचीं चित्रें एकत्र मांडलीं म्हणजे ठिपक्यांतील कोणता अंश रस्त्याचा व कोणता गच्चीचा, हें गणितानें उलगडतें. श्याओ श्यांग झू आणि रिचर्ड बामलर या जर्मनींतील संशोधकांनीं २०१० सालीं लास व्हेगास शहराच्या इमारतींवर हें करून दाखविलें.

खेपा निरनिराळ्या दिवशींच्या असल्यामुळें उंचीबरोबर हालचालही कळते. उन्हाळ्यांत लोखंड प्रसरण पावतें, हिंवाळ्यांत आकुंचन पावतें; तें ऋतुमान वजा करून जें उरतें, त्यांत खचण्याचा शोध घ्यावयाचा. याच कुळांतील थोड्या साध्या पद्धतीनें, सेंटिनेल-१ उपग्रहांच्या चित्रांवरून, सॅन फ्रान्सिस्को येथील ५८ मजली मिलेनियम टॉवर खचत असल्याचें २०१६ सालीं युरोपांतील शास्त्रज्ञांनीं दाखविलें.

तथापि या दृष्टीसही मर्यादा आहेत. उंच इमारतीच्या आड दडलेली गल्ली रडारला दिसत नाहीं. घर खचत आहे एवढें तें सांगतें. कां खचत आहे, हें जमीन व पाया तपासूनच ठरवावें लागतें. म्हणून आमचें सांगणें इतकेंच कीं, अशी सूचना आली असतां घरांतील वडीलधाऱ्यांनीं ती बाजूस न सारतां जाणत्या स्थापत्यविशारदास बोलवावें. तडा दिसण्याआधीं मिळालेला अवधि हाच या विद्येचा खरा लाभ होय. तो दवडला, तर मोजून काय उपयोग?