नीलीचे अश्रू

मुंबईहून चेन्नईला निघालेली आगगाडी अरक्कोणम सोडते तेव्हा प्रवाशांची सामान आवरण्याची घाई सुरू होते. चेन्नई आता जेमतेम सत्तर किलोमीटर उरलेली असते. खिडकीबाहेर ताडाची झाडे आणि भाताची खाचरे मागे सरकत असतात, आणि त्यांतच एक लहानसे स्टेशन क्षणभर दिसून नाहीसे होते. पाटीवर नाव असते, तिरुवालंगाडू. लांब पल्ल्याच्या गाड्या तेथे थांबत नाहीत, त्यामुळे आपल्याकडील फारच थोड्या लोकांनी तेथे पाऊल ठेवले असेल. परंतु तमिळ मुलखातील सर्वांत प्रसिद्ध खून याच परिसरात, शेजारच्या पळयनूर गावात झाला, असे तेथील आबालवृद्ध सांगतात. हा खून कोणत्याही न्यायालयाच्या दफ्तरात नोंदलेला नाही, कारण खून करणारी नीली ही कथेतील स्त्री आहे आणि तीसुद्धा जिवंत स्त्री नव्हे.

नीलीची ओळख चेन्नईत राहणाऱ्याला पुस्तकातून करून घ्यावी लागत नाही. मूल खोटे रडू लागले की आई म्हणते, हे ‘नीलिक्कण्णीर’ पुरे कर. कण्णीर म्हणजे डोळ्यांतले पाणी. एखादा पुढारी सभेत गहिवरला तर विरोधी पक्षाची वर्तमानपत्रे हाच शब्द वापरतात. आपण जेथे ‘नक्राश्रू’ म्हणतो तेथे तमिळ माणूस नीलीचे अश्रू म्हणतो. फरक एवढाच की मगरीला तिच्या रडण्याचे कारण कोणी विचारीत नाही. नीलीच्या रडण्याला मात्र कारण होते आणि ते कथेतच सांगितलेले आहे. म्हणीने तेवढे नेमके गाळले.

कथेचा जो भाग सर्वांच्या तोंडी आहे तो असा. कांचीपुरमचा एक तरुण वणिक व्यापारासाठी निघतो. त्याच्या पत्रिकेत पिशाच्चापासून घात लिहिलेला असल्यामुळे घरच्यांनी त्याला मंतरलेली सुरी दिलेली असते. ती जवळ असेपर्यंत त्याला भय नाही. पळयनूरजवळच्या रानात त्याला मागून हाक ऐकू येते. वळून पाहतो तो एक सुंदर स्त्री, कडेवर मूल. ते मूल म्हणजे निवडुंगाची फांदी आहे हे आपल्याला ठाऊक असते. त्याला ठाऊक नसते. पण स्त्री कोण हे तो ओळखतो आणि गावाकडे धाव घेतो. स्त्रीही मागोमाग येते आणि गावातील सत्तर वेळ्ळाळ शेतकऱ्यांच्या सभेपुढे डोळ्यांतून पाण्याच्या धारा लावून उभी राहते. हे माझे पती, आमच्यात भांडण झाले, मला व या लेकराला टाकून निघाले आहेत, असे ती सांगते. वणिक म्हणतो, ही माझी बायको नव्हे, ही पिशाच्च आहे.

वाचकहो, आपण त्या सभेत बसलो असतो तर काय म्हटले असते? एकीकडे रडणारी बाई आणि दुसरीकडे ‘ही भूत आहे’ असे सांगणारा नवरा! संसार टाकून जाणाऱ्या पुरुषांनी याहून हास्यास्पद सबबी सांगितलेल्या प्रत्येक गावाने ऐकल्या आहेत. तरीही पंचांनी घाई केली नाही. मुलाला खाली सोडा, ते कोणाकडे जाते पाहू, असे त्यांनी ठरविले. मूल दुडदुडत गेले ते थेट वणिकाच्या मांडीवर, आणि त्याने त्याला ‘अप्पा’ म्हणून हाक मारली. यापुढे पुरावा तो कोणता मागायचा?

नवरा-बायकोला रात्रीपुरते एका खोलीत ठेवावे असा निर्णय झाला. स्त्री म्हणाली, यांच्याजवळ सुरी आहे, मला भीती वाटते. पंचांनी सुरी काढून घेतली. वणिक गयावया करू लागला, तेव्हा ते सत्तर जण म्हणाले, तुझ्या जिवाला आम्ही जामीन आहोत; तुझे काही बरेवाईट झाले तर आमचेही प्राण गेले असे समज. सकाळी दार उघडले तेव्हा वणिकाचे पोट फाडलेले होते आणि स्त्री व मूल यांचा पत्ता नव्हता. दिलेल्या शब्दाला जागून सत्तरही जणांनी चिता रचून अग्निप्रवेश केला. वेळ्ळाळ समाज आजही ही कथा आपल्या पूर्वजांच्या सत्यनिष्ठेचे भूषण म्हणून सांगतो, आणि ते योग्यच आहे. जामीन राहताना लोक हात पुढे करतात व वेळ आली की तोच हात पाठीमागे घेतात, हे पाहण्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की या सत्तर जणांपुढे मान आपोआप लवते.

येथवर ऐकणाऱ्याला नीली म्हणजे निव्वळ कपट आणि रक्तपिपासा असेच वाटेल. पण या कथेला एक पूर्वकथा आहे. तिची रूपे अनेक, आणि पात्रांची नावेही प्रत्येक रूपात बदलतात. म्हणून नावांच्या रानात न शिरता गाभाच सांगतो. कांचीचा एक विवाहित ब्राह्मण काशीस जातो आणि पहिली बायको असल्याचे लपवून तेथे दुसरे लग्न करतो. नव्या वधूला घेऊन तो परततो. तिचा भाऊही पाठराखणीला सोबत असतो. घर जवळ येऊ लागते तशी त्याला पहिलीची धास्ती वाटू लागते. शेवटी तिरुवालंगाडूच्या रानात, भाऊ पाणी आणण्यास गेला असता, तो तिला ठार मारतो. भाऊ परत येतो, बहिणीचे प्रेत पाहतो आणि तेथेच गळफास लावून घेतो. पुढल्या जन्मी तो ब्राह्मण वणिक होतो आणि ती नीली.

कन्याकुमारीकडील देवळांच्या उत्सवांत ‘विल्लुप्पाट्टु’ म्हणजे धनुष्यगीत गातात. घुंगरे बांधलेले भले मोठे धनुष्य पुढे ठेवून त्याच्या दोरीवर काठीने ताल धरायचा आणि रात्रभर कथा सांगायची, अशी ही परंपरा. त्या बाजूची नीली ही देवदासीची मुलगी आहे. निर्धन झालेल्या प्रियकराच्या मागोमाग ती घर सोडून निघते, त्याच्या मांडीवर डोके टेकून विश्वासाने झोपते, आणि अंगावरच्या दागिन्यांसाठी तो तिचा जीव घेतो. मरताना आसपास माणूस नसल्यामुळे ती शेजारच्या निवडुंगाला साक्षी ठेवते.

हा निवडुंग डोळ्यांपुढे आला की पळयनूरची सभा निराळीच दिसू लागते. तिच्या कडेवरचे मूल निवडुंगाच्याच फांदीचे होते! म्हणजे पंचांपुढे जो पुरावा आला तो एका अर्थाने खराच होता. खुनाचा एकुलता एक साक्षीदार तिने सभेत आणून उभा केला होता. फिर्याद मात्र खरी असून तिला ती खरेपणाने मांडता येत नव्हती, कारण मागल्या जन्मीचा खून कोणती सभा ऐकून घेणार? म्हणून तिने अशी फिर्याद मांडली की जी सभेला समजेल, टाकलेल्या बायकोची. तिचे डोळ्यांतले पाणी खोटे होते असे म्हणण्यापूर्वी मला तरी थांबावेसे वाटते. दुसऱ्या बाजूने त्या वणिकाचीही दया येते. ज्या अपराधाची त्याला आठवणसुद्धा नाही त्याची शिक्षा त्याने भोगली. पूर्वकथा ऐकल्याने नीली निर्दोष ठरत नाही. एवढेच होते की जिच्यापासून आपण निश्चिंतपणे दूर सरकलो होतो तिच्याजवळ परत जाऊन बसावे लागते.

पळयनूर हे गाव काल्पनिक नाही. इसवी सन 1905 मध्ये तिरुवालंगाडूस पहिल्या राजेंद्र चोळाच्या काळातील 31 ताम्रपट सापडले. चोळांच्या वंशावळीसाठी इतिहासकार त्यांना फार मोलाचे मानतात. त्यांत हे पळयनूर गाव तिरुवालंगाडूच्या महादेवाला दान दिल्याची नोंद आहे. त्याच्याही पूर्वी, सातव्या शतकात, शैव संत संबंदर यांनी या क्षेत्रावर रचलेल्या पदात कपटाने प्राण घेणाऱ्या एका स्त्रीचा उल्लेख येतो आणि तो नीलीचाच, असे परंपरा मानते.

मौज अशी की याच रानात आणखी एक पिशाच्चरूप स्त्री वास करते आणि तिची पूजा होते. कारैक्काल अम्मैयार ही मूळची वणिकाची पत्नी, नाव पुनितवती. ईश्वरकृपेने तिच्या हाती आंबा प्रकट झालेला पाहून नवरा इतका घाबरला की तिला सोडून दूरदेशी गेला व त्याने दुसरा संसार थाटला. तेव्हा नवऱ्यासाठी वागविलेले हे रूप आता नको, मला पिशाच्च कर, असे तिने शंकराला विनविले. हाडांचा सापळा झालेली ती तिरुवालंगाडूच्या नटराजाच्या पायांशी बसून त्याचे तांडव पाहत राहिली. बायकोला भिणारा वणिक दोन्हीकडे आहे. एकीचे पिशाच्च खुनाने झाले, दुसरीने ते मागून घेतले.

आपल्याकडेही बाळंतपणात गेलेली बाई हडळ किंवा अळवंतीण होते असे म्हणत. संध्याकाळी विहिरीकडे जाऊ नकोस म्हणून मुलांना बजावणाऱ्या आजीला त्या बाईचे नाव, माहेर, आणि शेवटच्या दिवसांत घरात तिची काय आबाळ झाली हेही पुष्कळदा ठाऊक असे. मुलांना ती सांगत असे ते मात्र फक्त उलट्या पावलांबद्दल.

जैन कवींनी नीलीला तिसरेच आयुष्य दिले. सुमारे दहाव्या शतकातील ‘नीलकेशी’ हे तमिळ काव्य तिच्यावरच आहे, प्राध्यापक ए. चक्रवर्ती यांनी ते 1936 मध्ये संपादून प्रसिद्ध केले. एका जैन मुनीच्या उपदेशाने लोक कालीला पशुबळी देण्याचे सोडतात, तेव्हा काली त्याला भेडसावण्यासाठी दक्षिणेतून पळयनूरच्या नीलीला बोलावते. नीली सारे उपाय करून पाहते, मुनी ढळत नाही, आणि अखेर तीच त्याची शिष्या होऊन गावोगाव बौद्ध, सांख्य, वैशेषिक पंडितांशी वाद घालीत फिरते. सभेपुढे उभे राहून आपले म्हणणे पटविण्याची कला तिला अवगत होतीच! हे काव्य ‘कुंडलकेशी’ या बौद्ध काव्याला उत्तर म्हणून रचलेले आहे. त्या काव्याची थोडीच पद्ये आज उरली आहेत. त्याची नायिकाही पतिघातिनीच आहे. आपल्याला कड्यावरून लोटण्यास निघालेल्या नवऱ्याला तिने आधी लोटले होते.

अलीकडे चित्रपटांनी गाजलेल्या भुताखेतांच्या पूर्वकथा सांगण्यास आरंभ केला आहे. 2005 च्या ‘चंद्रमुखी’ या तमिळ चित्रपटाने नर्तकीचे भूत दाखविताना तिला राजाने जिवंत जाळल्याचे सांगितले. 2023 मध्ये पी. वासू या त्याच दिग्दर्शकाने दुसऱ्या भागात तो जुना काळ अधिक विस्ताराने रंगविला. केरळात कल्लियंकाटची यक्षी म्हणून नीली प्रसिद्ध आहे. 2025 मध्ये डॉमिनिक अरुण यांच्या ‘लोका’ या मल्याळम चित्रपटाने ती अरण्यवासी मुलगी होती आणि राजसत्तेने तिच्या माणसांवर केलेल्या अत्याचारातून ती घडली, अशी नवी पूर्वकथा रचली. प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला. खुनी बदलला, राजा आला. पण तिच्या क्रोधाच्या आधी तिच्यावर काही घडले होते, ही जागा पटकथाकाराने जुन्या गायकांप्रमाणेच राखली.

तिरुवालंगाडूस गेल्यास अग्निप्रवेश केलेल्या सत्तर जणांची स्मृती जपलेली दिसते. नीलीला भेटायचे तर आणखी दक्षिणेस, नागरकोविलजवळ मुप्पंदलला जावे. पवनचक्क्यांच्या रांगांमध्ये तेथे इसक्की अम्मनचे देऊळ आहे आणि तिची जन्मकथा म्हणून नीलीचीच कथा सांगतात. त्या भागात इसक्कीच्या मूर्तीच्या हातात मूल असते. बायका तिच्याकडे अपत्यासाठी नवस बोलतात.