कॅन्सरच्या उपचारात स्कॅन नकाशाचं काम कसं करतो?

देहू-चाकण पट्ट्यात कंपनीच्या गेटबाहेर टपरी असते आणि शिफ्टमध्ये तंबाखू मळणारा एखादा मित्रही असतो. राज्यात 2012 पासून गुटखाबंदी आहे, पण तंबाखू सुटलेला नाही. म्हणून तोंड-घशाच्या कॅन्सरमागचं हे तंत्रज्ञान समजून घेऊया.

कोणता स्कॅन काय दाखवतो?

- सीटी: गाठ जबड्याच्या हाडात शिरली आहे का?
- एमआरआय: जिभेच्या स्नायूत ती किती खोल गेली आहे?
- पेट-सीटी: किरणोत्सारी साखर टोचतात. कॅन्सरच्या पेशी ती जास्त ओढतात, म्हणून स्कॅनमध्ये चमकतात. पण सूज असलेली जागाही चमकते! त्यामुळे पक्कं निदान बायोप्सीच करते.

प्रत्येकाला तिन्ही स्कॅन लागत नाहीत. तोंडाच्या कॅन्सरमध्ये बहुतेकदा आधी ऑपरेशन होतं, मग गरज असेल तर रेडिएशन.

रेडिएशनचा नेम कसा धरतात?

गरम पाण्यात मऊ होणाऱ्या प्लास्टिकच्या जाळीचा मास्क चेहऱ्यावर बसवतात, म्हणजे डोकं हलत नाही. मग सीटी काढून डॉक्टर प्रत्येक चित्रावर रेघा आखतात: इथे मारा करायचा, आणि लाळग्रंथी, मज्जारज्जू शक्य तितके वाचवायचे. उपचार साधारण सहा-सात आठवडे चालतात. मशीनवरच पुन्हा स्कॅन करून जागा जुळवतात. वजन घटून मास्क सैल झाला, तर प्लॅन नव्याने करावा लागू शकतो.

फरक पडतो का?

मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी 60 रुग्णांवर तुलना केली. निष्कर्ष 2012 मध्ये छापून आले. जुन्या पद्धतीत 89 टक्के रुग्णांना उपचारांदरम्यान लाळग्रंथीचा मध्यम किंवा जास्त त्रास झाला, तर किरणांची तीव्रता जागेनुसार बदलणाऱ्या आयएमआरटी पद्धतीत 59 टक्क्यांना. लाळच नसेल तर भाकरीचा घासही गिळवत नाही, म्हणून हा फरक मोठा आहे.

तुमच्या कामाचं

घरातल्या कुणाला देहूहून परळला न्यायचं असेल, तर स्कॅनची सीडी नक्की घ्या. व्हॉट्सॲपवरच्या फिल्मच्या फोटोत सगळे काप येत नाहीत.

आणि तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरत नसेल, पांढरा-लाल चट्टा दिसत असेल किंवा तोंड कमी उघडत असेल, तर थांबू नका. दाताच्या किंवा कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा. मित्रालाही घेऊन जा!