एकस्वाचे वाक्य : काही घरगुती शोधांच्या दाव्यांचा भाषिक विचार

दारावरील धोक्याची घंटा, दूरध्वनी, विजेचा दिवा आणि दारात कोण उभे आहे हे आतल्या माणसाला दाखविणारा कॅमेरा ही उपकरणे आता घरोघर परिचयाची झाली आहेत. यांतील प्रत्येकाच्या मागे एक वा अनेक एकस्वे, म्हणजे व्यवहारात ज्यांना पेटंट म्हणतात ती, आहेत. या एकस्वांचा इतिहास सामान्यतः यंत्रशास्त्राच्या किंवा कायद्याच्या अंगाने लिहिला जातो. परंतु एकस्वाचे संरक्षण मिळते ते कारखान्यात तयार झालेल्या वस्तूला नव्हे, तर तिचे लक्षण सांगणाऱ्या वाक्याला, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. वाक्याची व्याप्ती ठरली की हक्काची व्याप्ती ठरते. हे वाक्य कसे रचले जाते, ते कोठे फसते, आणि मराठीत ते रचावयाचे झाल्यास कोणते प्रश्न उपस्थित होतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. दावा म्हणजे काय

एकस्व हा शासन व संशोधक यांच्यामधील एक प्रकारचा करार आहे. संशोधकाने आपली युक्ती लोकांसमोर पूर्णपणे उघड करावी आणि त्याच्या मोबदल्यात ठराविक मुदतीपर्यंत ती वापरण्यास इतरांना प्रतिबंध करण्याचा हक्क शासनाने त्याला द्यावा, असे या कराराचे स्वरूप असते. भारतात ही मुदत अर्ज दाखल केल्यापासून २० वर्षांची आहे. अर्जासोबत जो दस्तऐवज द्यावा लागतो त्यास विनिर्देश म्हणतात. भारताच्या १९७० च्या एकस्व अधिनियमाच्या १० व्या कलमानुसार पूर्ण विनिर्देशात शोधाचे संपूर्ण वर्णन आणि तो अमलात आणण्याची संशोधकास ठाऊक असलेली सर्वोत्तम रीत द्यावी लागते, आणि शेवटी एक वा अधिक दावे मांडावे लागतात. दावे स्पष्ट व मोजक्या शब्दांत असावेत आणि वर्णनात जे उघड केले आहे त्याच्याच आधारावर उभे असावेत, अशीही त्या कलमाची अट आहे.

वर्णन कितीही वाक्यांचे असू शकते. प्रत्येक दावा मात्र एकाच वाक्यात लिहावयाचा, असा अमेरिकेतला आणि भारतातलाही रिवाज आहे. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमेचे जे स्थान, तेच एकस्वात दाव्याचे. पूर्वेस ओढा, पश्चिमेस गाडीवाट असे म्हटल्यावर आतली जमीन कोणाची याविषयी जसा वाद राहू नये, तसेच दाव्याच्या शब्दांनी शोधाचे कुंपण घातले जावे अशी अपेक्षा असते.

एक साधे उदाहरण घेता येईल. अमेरिकेतील सोमरव्हिल येथील ऑगस्टस रसेल पोप यांना २१ जून १८५३ रोजी विद्युच्चुंबकीय धोक्याच्या घंटेसाठी एकस्व मिळाले. दार किंवा खिडकी उघडली की विद्युन्मंडल पूर्ण व्हावे, चुंबकाला कंप मिळावा आणि त्याला जोडलेल्या हातोडीने घंटा वाजावी, अशी ती योजना होती. पुढे १८५७ मध्ये एडविन होम्स यांनी या एकस्वाचे हक्क विकत घेतले आणि घराच्या राखणीचा मोठा व्यवसाय उभारला. त्या खरेदीत होम्स यांच्या पदरात जे पडले ते तत्त्वतः शब्दांनी आखलेले एक क्षेत्र होते. त्या क्षेत्रात जो जो पाऊल टाकील त्याला अडविता येईल, एवढाच त्या हक्काचा अर्थ.

आपल्याकडील न्यायशास्त्राने लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत : अतिव्याप्ती, अव्याप्ती आणि असंभव. ‘शिंगे असलेला प्राणी म्हणजे गाय’ हे लक्षण म्हशीलाही लागू पडते. ‘कपिल वर्णाची ती गाय’ हे लक्षण पांढऱ्या गाईला सोडून देते. आणि ‘एका खुराची ती गाय’ हे लक्षण कोणत्याच गाईला लागू पडत नाही. दावा हे शोधाचे लक्षणच होय. म्हणून हे तिन्ही दोष त्यालाही संभवतात. फरक एवढाच की, शास्त्रचर्चेत सदोष लक्षणाने पक्ष हरतो, तर येथे त्याने मालमत्ता जाते.

२. अतिव्याप्तीची दोन उदाहरणे

सॅम्युएल मोर्स यांच्या तारायंत्राच्या एकस्वात शेवटचा, आठवा दावा फार व्यापक होता. वर्णन केलेल्या यंत्रापुरते आपण स्वतःस मर्यादित करू इच्छित नाही. विजेच्या शक्तीचा उपयोग करून कोणत्याही अंतरावर वाचता येण्याजोगी चिन्हे उमटविणे, मग ते कोणत्याही साधनाने असो, हाच आपला शोध आहे, असा त्याचा आशय होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८५४ मध्ये मोर्स यांचे इतर दावे मान्य केले, पण हा आठवा दावा फेटाळला. जे साधन मोर्स यांना सुचलेलेच नव्हते, जे कदाचित पुढे दुसऱ्या कोणी अधिक सोप्या रीतीने शोधून काढले असते, तेही या वाक्याने आगाऊ बांधून टाकले होते. ‘कोणत्याही’ या एका विशेषणाने लक्षण फलावर बेतले गेले, साधनावर नाही.

दुसरे उदाहरण विजेच्या दिव्याचे. विल्यम सॉयर व आल्बन मॅन यांच्या १८८५ च्या एकस्वात दिव्यातील प्रकाशणाऱ्या वाहकाचे द्रव्य ‘तंतुमय किंवा वस्त्ररूप पदार्थ जाळून केलेला कोळसा’ अशा शब्दांत सांगितले होते. प्रत्यक्षात त्यांचे प्रयोग मुख्यतः कागद व लाकूड यांच्या कोळशावर झाले होते. टॉमस एडिसन यांच्या दिव्यात बांबूचा तंतू वापरला जाई, आणि बांबू हाही तंतुमय पदार्थच असल्यामुळे तो या वाक्याच्या कक्षेत येतो, असा वादींचा युक्तिवाद होता. तंतुमय वनस्पतींचा सर्व वर्ग ज्यामुळे या कामास योग्य ठरेल असा एखादा समान गुण सॉयर व मॅन यांनी शोधला होता काय, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १८९५ मध्ये उपस्थित केला. एडिसन यांनी ६,००० हून अधिक वनस्पतिजन्य द्रव्ये तपासली होती आणि त्यांतील अगदी थोडीच, बांबूच्या काही जाती धरून, उपयोगी ठरली होती. म्हणजे वर्गाचे नाव होते, पण वर्गाचा धर्म हाती आलेला नव्हता. जातिवाचक शब्द वापरावयाचा तर त्या जातीला व्यापणारा धर्म दाखविता आला पाहिजे. नुसत्या नामाने वस्तू कवेत येत नाहीत, हा अर्थविचारातला मुद्दा या निकालाने कायद्यात पक्का केला.

याउलट एडिसन यांच्या २७ जानेवारी १८८० च्या एकस्वातील पहिला दावा मोजका आहे. ‘फिलामेंट’, म्हणजे तंतू, या एका नामावर व ‘उच्च रोधाचा’ या विशेषणावर तो तोलला आहे. जाड कांडी असती तर तिचा रोध कमी राहिला असता. बारीकपणा आणि रोध यांचा हा संबंध ‘तंतू’ या शब्दात गृहीत आहे. पुढील खटल्यांत हे एकस्व टिकले. आज मराठीत विजेच्या दिव्यातील तारेला आपण सहज तंतू म्हणतो, त्या शब्दाच्या मूळ इंग्रजी प्रतिरूपावर एके काळी फार मोठा व्यवसाय अवलंबून होता.

३. यंत्राआधी वाक्य

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचा अर्ज १४ फेब्रुवारी १८७६ रोजी दाखल झाला आणि ७ मार्च रोजी त्यांना १,७४,४६५ क्रमांकाचे एकस्व मिळाले. त्याचे शीर्षक ‘तारायंत्रविद्येतील सुधारणा’ एवढेच आहे. ज्या प्रसंगी बेल यांचे बोलणे दुसऱ्या खोलीतील सहायकास तारेतून स्पष्ट ऐकू आले तो १० मार्चचा, म्हणजे एकस्व मिळाल्यानंतरचा. येथे वाक्य आधी सिद्ध झाले व यंत्र नंतर बोलू लागले.

पाचवा दावा वादाचे केंद्र ठरला. ध्वनीबरोबर हवेत जी कंपने उत्पन्न होतात, त्यांच्याच आकाराची विद्युत्तरंगरूप कंपने निर्माण करून बोलण्याचा किंवा इतर आवाज तारेने पाठविण्याची रीत व उपकरण, असे त्याचे सार आहे. हाही मोर्स यांच्याप्रमाणे अतिव्याप्त दावा आहे, असा आक्षेप प्रतिस्पर्ध्यांनी घेतला. १८८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा मतांनी बेल यांच्या बाजूने निर्णय दिला. निकालाचे मर्म ‘त्यांच्याच आकाराची’ या सादृश्यवाचक पदात आहे. विजेने आवाज पाठविणे एवढ्यावर बेल यांनी हक्क सांगितला नव्हता. प्रवाह खंडित न करता, आवाजाच्या लहरीप्रमाणे त्यात चढउतार घडवून आणण्याच्या विशिष्ट रीतीवर तो सांगितला होता. मोर्स यांच्या वाक्यात फल होते. बेल यांच्या वाक्यात फल आणि त्याकडे नेणारी रीत अशी दोन्ही होती. 

४. अव्याप्तीचा धोका

आता उलट बाजूचा विचार करू. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या व्यवसायाने परिचारिका होत्या. त्यांच्या व त्यांचे पती अल्बर्ट ब्राउन यांच्या नावाने १ ऑगस्ट १९६६ रोजी दूरचित्रवाणीच्या साहाय्याने घराची राखण करणाऱ्या योजनेचा अर्ज दाखल झाला, आणि २ डिसेंबर १९६९ रोजी ३४,८२,०३७ क्रमांकाचे एकस्व मिळाले. दाराला निरनिराळ्या उंचीवर भोके, त्यांच्या मागे खालीवर सरकणारा कॅमेरा, आतल्या खोलीत चित्र दाखविणारा पडदा, बाहेरच्या माणसाशी बोलण्याची सोय, दुरून दार उघडण्याची कळ आणि मदत मागण्याची सूचना, असे या योजनेचे घटक होते. अवेळी घरी एकट्या असणाऱ्या स्त्रीला दार न उघडता पाहुणा ओळखता यावा, ही गरज त्यामागे होती.

अशा बहुघटक योजनेचा दावा लिहिताना अडचण अतिव्याप्तीच्या उलट असते. वाक्यात घातलेला प्रत्येक घटक ही एक अट असते, आणि सर्व अटी पुऱ्या झाल्याखेरीज दुसऱ्याचे उपकरण त्या वाक्याच्या कक्षेत येत नाही. विशेषणे वाढली की व्याप्ती आकसते, हा तर्कशास्त्राचा नियम येथे अक्षरशः लागू पडतो. दाव्यात ‘सरकणारा कॅमेरा’ असे म्हटले तर एकाच जागी बसविलेला, पण रुंद दृष्टिक्षेपाच्या भिंगाचा कॅमेरा सुटून जातो. नुसते ‘कॅमेरा’ म्हटले तर पूर्वीच्या कोणत्या तरी उपकरणाशी गाठ पडण्याचा संभव असतो. म्हणून एकाच एकस्वात व्यापक दाव्यापासून संकुचित दाव्यापर्यंत उतरती श्रेणी लावण्याची पद्धत आहे. बाहेरचा तट पडला तरी आतला बालेकिल्ला टिकावा, असा त्यामागचा हेतू.

५. मराठी वाक्याची कसोटी

भारतात एकस्वाचा पहिला कायदा १८५६ मध्ये झाला, आणि त्याच वर्षी कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग यांनी पहिला अर्ज केला तो पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी, म्हणजे एका घरगुती सोयीसाठीच. आज अर्जाचे कागद हिंदीत किंवा इंग्रजीत देता येतात. ज्याचा विचार मराठीत चालतो अशा कारागिराचा शोध त्यामुळे भाषांतरातून जातो. पोप यांच्या घंटेवरून एक नमुना रचून या प्रवासात काय घडू शकते ते पाहता येईल :

‘दार उघडल्याची सूचना देणारे असे यंत्र, की ज्यात एक विद्युत्घट, दार उघडताच एकमेकांस भिडणारी दोन स्पर्शके, एक विद्युच्चुंबक व घंटा यांचा समावेश असून, सदर स्पर्शके भिडली असता सदर विद्युच्चुंबकाच्या योगे सदर घंटा वाजते.’

यातील पहिला प्रश्न ‘यांचा समावेश असून’ या शब्दांचा आहे. इंग्रजी दाव्यांत ‘कम्प्रायझिंग’ हा शब्द खुला, तर ‘कन्सिस्टिंग ऑफ’ हा शब्दप्रयोग बंद समजण्याचा संकेत आता रूढ आहे. कोणी या यंत्रात एक लाल दिवा वाढविला, तर पहिल्या शब्दाने ते यंत्र कक्षेत राहते, दुसऱ्याने बाहेर जाते. मराठीत हा भेद ‘यांचा समावेश असलेले’ आणि ‘यांचेच बनलेले’ अशा रीतीने दाखविता येतो. अवधारणार्थक ‘च’ या एका अक्षराने दार बंद होते. बोलताना सहज येणारा हा ‘च’ दाव्यात अनवधानाने पडला, तर हक्काचे क्षेत्र कमी होते.

दुसरा प्रश्न वचनाचा. ‘घंटा’ या नामाचे एकवचन व अनेकवचन सारखेच असते. ‘वाजते’ या क्रियापदावरूनच ती एक असल्याचे कळते. दोन घंटांचे यंत्र कक्षेत यावे असा हेतू असल्यास ‘एक वा अधिक घंटा’ असे स्पष्ट म्हणणे आवश्यक ठरते. इंग्रजीतील अनिश्चित उपपदाने ही सोय अमेरिकी व्यवहारात बहुधा आपोआप साधते. मराठीत तसे उपपद नाही.

तिसरा प्रश्न ‘भिडणारी’ या धातुसाधिताचा. ‘-णारा’ हा प्रत्यय प्रत्यक्ष घडणारी क्रिया, नित्याचा स्वभाव आणि अंगची क्षमता अशा तीनही अर्थी येतो. स्पर्शके भिडतात, की भिडू शकतात, हा भेद न्यायालयात निर्णायक ठरू शकतो. क्षमता सांगावयाची असल्यास ‘भिडू शकतील अशी’ ही रचना अधिक निःसंदिग्ध आहे.

एका बाबतीत मात्र मराठी आधीच सज्ज आहे. दाव्यात पूर्वी आलेल्या घटकाचा पुन्हा उल्लेख करताना तो तोच आहे हे दाखवावे लागते. दस्तऐवजी मराठीतील ‘सदर’ व ‘उक्त’ हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करीत आले आहेत. साहित्यिक लेखनात कृत्रिम वाटणारे हे शब्द येथे आपल्या योग्य जागी बसतात.

उपसंहार

१९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयापासून आजवर मराठीतील पारिभाषिक शब्दांची निर्मिती पुष्कळ झाली आहे. ‘एकस्व’ हा शब्दही त्याच परंपरेतला. परंतु वरील विवेचनावरून दिसेल की, दाव्याचा जय वा पराजय जसा नामांवर, तसाच ‘च’, ‘-णारा’, वचन आणि संबंधी उपवाक्य यांवरही अवलंबून असतो, आणि या अंगाचा अभ्यास कोशांतून होत नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी उपलब्ध एकस्वांतील निवडक दावे मराठीत उतरवून, मूळ व्याप्ती कोठे वाढली व कोठे घटली याची नोंद केल्यास, मराठी वाक्यरचनेच्या अभ्यासात मोलाची भर पडेल. आपल्या युक्तीचे वर्णन मराठीत करून ते दुसऱ्या भाषेत लिहिण्यासाठी इतरांच्या हाती सोपविणाऱ्या कारागिराच्या दृष्टीने तर त्याचे महत्त्व याहूनही अधिक आहे, कारण त्या भाषांतरात जे निसटते ती त्याची मालमत्ता असते.